वरच्या चौकीचा जबाब

त्या घरात दार उघडून घेणं म्हणजे परीक्षाच असायची. बाहेरून नुसतं "मी" म्हणून भागायचं नाही. "मी म्हणजे कोण? जगात सगळेच मी असतात," असं आतून यायचं, आणि मग आई सवाल टाकायची. काल भाजीत मीठ घालायला कोण विसरलं? कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय? मावशी कशाला घाबरते? उत्तर बरोबर आलं तरच कडी निघायची. नवरा अचानक गेला, पोरं लहान, ही दिवसभर कामावर आणि पोरं घरात एकटी, तेव्हा तिनं ही युक्ती काढली होती. बाई मोठी हुशार. सवाल रोज नवा. एकच शब्द ठरवला आणि जिन्यात कुणी तो ऐकला, की उद्या तोच शब्द घेऊन कुणीही दारात उभा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, तरी आईची खोड काही गेली नाही. थोरला पावसात निथळत जिन्यात उभा राहायचा आणि ओरडायचा, "अगं, इथे न्यूमोनिया होऊन मरतो मी, मग विचार काय विचारायचं ते!" तरीसुद्धा उत्तर द्यावंच लागायचं.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकटीला घरात शहाणी म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तिला सगळ्यातलं सगळं कळतं असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं, म्हणून दादानं ते नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

दोघंही नदी सांभाळणाऱ्या खात्यात. नदीवर वरपासून खालपर्यंत धरणं, प्रत्येक धरणावर एक चौकी, चौकीत दरवाजे उघडझाप करणारा माणूस. दादा सगळ्यात वरच्या चौकीवर, डोंगरात. शहाणी शहरातल्या मुख्य ऑफिसात, कॉम्प्युटरपाशी. चौक्यांची यंत्रं तिच्या सर्व्हरला जोडलेली. पाणी किती चढलं ते वरून कळवायचं, दरवाजे किती उघडायचे ते खालून सांगायचं, असा कारभार.

जुनी पद्धत म्हणजे नुसता आनंदीआनंद होता. सर्व्हरनं विचारायचं, कोण आहे? चौकीनं आपला पासवर्ड जसाच्या तसा हवेतून पाठवून द्यायचा. मध्ये कुणी कान लावून बसला असेल तर त्याचं आयतंच फावलं. शहाणीनं ठरवलं, हे बदलायचं. आता सर्व्हर दर वेळी एक नवाकोरा, कधी न वापरलेला आकडा पाठवेल. तो झाला सवाल. चौकीनं तो आकडा आणि आपला पासवर्ड एकत्र कालवून त्यातून जे निघेल ते परत पाठवायचं. तो झाला जबाब. सर्व्हरही तसंच कालवून बघेल, आणि दोन्ही जुळलं तर पडद्यावर लिहील, "ओळख पटली." पासवर्ड स्वतः कधी घराबाहेर पडणारच नाही, आणि आजचा जबाब चोरला तरी उद्या त्याचा उपयोग शून्य.

दादानं हे ऐकलं आणि पोट धरून हसला. "म्हणजे पगार खात्याचा आणि चोरी आईची! आईला विचारलंस तरी का?"

पण मग तो गंभीर झाला. म्हणाला, "आम्हालाही विचारता आलं पाहिजे, शहाणे. उद्या कुणी तुझं नाव सांगून म्हणेल, उघड दरवाजे. मी काय डोळे मिटून उघडू? खाली माणसं राहतात."

खरंच होतं ते. मग तिनं दोन्हीकडून सवाल-जबाब ठेवले. सर्व्हर चौकीला पारखणार, चौकी सर्व्हरला पारखणार, आणि दोन्हीकडे कालवायची रीत एकच. एकदाच लिहायचं, दोनदा वापरायचं. आपल्या या नेटकेपणावर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

पासवर्ड ठेवायला दादा डोंगरातून खाली आला. तिच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तोंड तिकडे कर."

"मी काय बघणार आहे?"

"तू सगळंच बघतेस. भिंतीकडे."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि त्यानं दोन बोटांनी सावकाश काहीतरी टाइप केलं. सर्व्हरनं त्या शब्दाचा अर्क काढून ठेवला, कालवायला दोन्हीकडे तेवढा पुरतो, आणि शब्द टाकून दिला. अर्कावरून शब्द परत काढता येत नाही. म्हणजे तो शब्द जगात फक्त दादाला ठाऊक. तिनं किती अंदाज केले, पण तो नुसता मिशीत हसला आणि वर निघून गेला.

नवी पद्धत सुरू व्हायच्या आधीच पूर आला.

डोंगरात ढग फुटला, आणि दादा शेवटपर्यंत दरवाजे चालवत राहिला. इतर चौक्यांवर त्याचे आकडे येत होते, त्यावरून खालच्या वस्त्या रिकाम्या करता आल्या. मग आकडे थांबले. पाणी ओसरल्यावर लोक वर गेले, तर जिथे चौकी होती तिथे नुसते दगडगोटे. दादा सापडला नाही. खूप शोधला. आई आणि शहाणी कुठल्या कुठल्या दवाखान्यांत जाऊन आल्या, चादरी उचलून बघितल्या, आणि दर वेळी मान हलवून बाहेर आल्या. शेवटी शोध थांबवला.

आईनं त्या दिवसापासून दाराला कडी लावणं सोडलं. दार नुसतं लोटलेलं. सवालही बंद. शहाणी संध्याकाळी यायची, दार ढकलायची, आत यायची, आणि आई बघायची आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करायची. कडीबद्दल शहाणीनं एकदा विषय काढला. आई म्हणाली, "त्याच्या अंगात त्राण नसलं तर? दारात उभं राहून जबाब देता नाही आला तर?"  शहाणीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

ऑफिसात काम कुणासाठी थांबत नाही. नवी पद्धत सुरू करायची तारीख आली. साहेब भला माणूस. हळूच म्हणाला, "वरच्या चौकीचं नाव यादीतून काढून टाका." ती म्हणाली, काढते. काढलं नाही. हात होईना.

सर्व्हर सुरू झाला, एकेका चौकीला हाक मारू लागला. खालच्या चौकीची ओळख पटली. मधल्या चौकीची ओळख पटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांतच पडद्यावर पुढची ओळ उमटली. वरची चौकी. ओळख पटली.

 भर दुपार, खोलीत दहा माणसं, खिडकीतून ऊन येतंय, आणि शहाणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला वाटलं आपण चुकीची ओळ वाचली. सर्व्हरनं पुन्हा हाक मारली. पुन्हा नवा आकडा, पुन्हा जबाब, आणि जबाब बरोबर.

ती कुणाशी बोलली नाही. आपला प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. मुद्दाम चुकीचे पासवर्ड देऊन बघितलं, तर सर्व्हरनं दारातूनच हाकलून दिलं. म्हणजे पारख करणं ठीक चाललं होतं. सवाल दर वेळी नवा, तेव्हा जुना जबाब कुणी पुन्हा पाठवतंय असंही नाही. तो शब्द माहीत असल्याशिवाय असा जबाब देणं शक्यच नव्हतं. आणि तो शब्द कुणाला माहीत होता?

पण जबाबापलीकडे काही नाही. पाणी किती आहे म्हणून सर्व्हर विचारायचा, तर गप्प. दरवाजांची स्थिती? गप्प. कोण आहे म्हटलं की मात्र तत्काळ, मीच आहे. आणि पुन्हा सगळं चिडीचूप. असं कुणी दाराशी उभं राहून फक्त आपली ओळख सांगावी आणि आत येऊ नये, याची तिला भीती वाटू लागली. ती पडद्याकडे पाठ करून बसायची आणि मग राहवेना म्हणून वळायची. चौकीला निरोप लिहायची सोय होती, एक छोटा चौकोन होता पडद्यावर, त्यात लिहिलं की पलीकडे दिसायचं. तिनं किती वेळा "दादा" असं लिहिलं आणि न पाठवता पुसलं. उत्तर आलं नाही तर, म्हणून पुसलं. उत्तर आलं तर, म्हणूनही पुसलं.

शेवटी ती साहेबाकडे गेली. साहेबानं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमचा प्रोग्रॅम चुकला असेल."

"चुकलेला नाही."

साहेबानं वाद घातला नाही. टॉवरवाल्या काकांना चार माणसं देऊन वर पाठवलं. डोंगराच्या अलीकडच्या सोंडेवर खात्याचा टॉवर होता. सगळं बोलणं त्यावरून जायचं यायचं, आणि काका तो टॉवर तरुणपणापासून चढत आले होते. ते परतले तेव्हा चिखलानं माखलेले आणि थकलेले. म्हणाले, "पोरी, सगळा काठ पालथा घातला. माणसाचा माग नाही. टॉवर तेवढा ठणठणीत. चौकीची लाइन तुटलीय, म्हणून टॉवरवरच्या निरोप पुढे ढकलणाऱ्या खोक्यानं सगळं बोलणं दुसऱ्या लाइनवर टाकलंय. आपलं काम चोख करतंय बिचारं."

तिनं हे ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की काठावर मेलेला कुणी सापडला नाही. ज्याला एखादी गोष्ट हवी असते, त्याला दुसरं काही ऐकू येतं का हो?

आणि मग तिनं जे करायला नको होतं तेच केलं. घरी जाऊन आईला सांगितलं.

 आई म्हणाली, "त्याचाच शब्द?"

"त्याचाच. दुसऱ्या कुणाला माहीतच नाही."

आई उठली, तोंड धुतलं, केस विंचरले आणि स्वयंपाकाला लागली. पूर आल्यापासून ती दोन घास चिवडून ताट सरकवत होती. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. दादाच्या गादीचा अभ्रा बदलला. शहाणी कोपऱ्यात बसून बघत होती. तिला इतकं बरं वाटत होतं आणि तितकीच धास्तीही वाटत होती.

सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून ऑफिसात हजर. साहेबानं उठून खुर्ची दिली. सर्व्हरनं हाक मारली, वरची चौकी, ओळख पटली. आईनं पडद्यावरची ती ओळ बोटानं चाचपली.

"बोलता येतं का त्याच्याशी?"

"लिहिता येतं. पण आई—"

"मग लिही. विचार त्याला, जेवण झालं का."

 शहाणीनं चौकोनात लिहिलं, जेवण झालं का? यावेळी पुसायची सोय नव्हती, आई खांद्यावरून बघत होती. तिनं पाठवलं.

क्षणभर काही नाही. मग खाली ओळ उमटली. वरची चौकी: जेवण झालं का?

आईनं हातांनी तोंड झाकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बघ! बघितलंस? स्वतःचं सांगायचं सोडून आधी आपल्यालाच विचारतोय. तस्सा आहे. जरासुद्धा बदलला नाही माझा राजा."

आणि शहाणीला त्याच क्षणी सगळं कळलं. कळलं, आणि असं वाटलं की आपल्याला काहीच कळत नसतं तर किती बरं झालं असतं.

चौकीची लाइन तुटली होती. म्हणून खोकं सर्व्हरचा सवाल उचलायचं आणि दुसऱ्या लाइनवर ढकलायचं, आणि ती दुसरी लाइन फिरून याच ऑफिसात येत होती. इथे सर्व्हरला वाटायचं, वरची चौकी मला पारखतेय. चौकीला पारखायचा हक्क तिनंच दिला होता ना! मग सर्व्हर इमानदारीत आपल्याजवळचा अर्क काढायचा, आकडा कालवायचा आणि जबाब द्यायचा. खोकं तो जबाब पहिल्या लाइनवरून परत आणून त्याच्याच पुढ्यात ठेवायचं. आणि सर्व्हर म्हणायचा, वा, बरोबर, ओळख पटली. पाण्याचा आकडा मात्र सर्व्हरजवळ नव्हताच, म्हणून त्यावर सगळं गप्प. ज्याला जबाब तपासता येतो त्याला तो देताही येतो, एवढी साधी गोष्ट ती विसरली होती. कालवायची रीत दोन्हीकडे एकच, आणि जबाब कुणाचा आहे हे जबाबात कुठेच लिहिलेलं नाही. डोंगरात उभं राहून आपणच हाक मारावी आणि कुणी ओ दिली म्हणून धावत सुटावं, तसं झालं होतं.

"आई," ती म्हणाली, "तो नाहीये."

"काय?"

"ते आपलंच आहे. आपण लिहिलं तेच परत आलंय. इतके दिवस जबाब येत होता, तोही आपल्याच सर्व्हरचा. माझी चूक आहे, आई. तिथे कुणी नाहीये."

 मग आईचा आवाज चढला. "मग मला का सांगितलंस? तोंड गप्प ठेवता येत नव्हतं? गादी घातली गं मी त्याची! कुणी सांगितली होती ही शहाणपट्टी करायला?"

 "मलाही हवा होता गं तो," एवढंच शहाणी म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडली. साहेब खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. आईचा राग कुठे जायचा तो गेला. तिनं पोरीचं डोकं पोटाशी धरलं आणि पडद्याकडे बघत राहिली. तिथे ती ओळ अजून तशीच होती.

"दुरुस्त करता येतं?" साहेबानं न वळता विचारलं.

करावंच लागणार होतं. ही फट उघडी राहिली तर उद्या कुणीही लबाड माणूस सर्व्हरचा सवाल सर्व्हरलाच विचारून चौकी बनून बसेल आणि खोटे आकडे कळवेल. पाणी चढत असताना ओसरलंय म्हणेल. दादा म्हणायचा ते खरंच होतं, खाली माणसं राहतात. दुरुस्ती अशी ती काय? कालवताना जबाब देणाऱ्याचं नावही त्यात घालायचं. म्हणजे सर्व्हरचा जबाब सर्व्हरचाच राहील, चौकीचा म्हणून खपणार नाही. एक ओळ. तिनं डोळे पुसत ती लिहिली. सगळ्या चौक्यांना पाठवून दिली. आता फक्त इकडे सुरू करायचं बाकी होतं.

"हे चालू केलं की?" आईनं विचारलं.

"वरच्या चौकीचा जबाब चुकेल. निरोपही मग जाणार येणार नाहीत."

 आईनं खुर्ची पुढे ओढली. "थांब. त्याआधी एक लिही."

"आई, अगं, ते आपलंच परत येतं. सांगितलं ना."

"कळलं मला. वेडी नाहीये मी. लिही तू. आम्ही बऱ्या आहोत. काळजी करू नकोस."

शहाणीनं लिहिलं आणि पाठवलं. क्षणभर काही नाही. मग खाली ओळ आली. वरची चौकी: आम्ही बऱ्या आहोत. काळजी करू नकोस.

आईनं ते मनातल्या मनात वाचलं. ओठ हलताना दिसले. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "कर आता."

शहाणीनं चालू केलं. सर्व्हर पुन्हा एकेका चौकीला हाक मारत वर गेला. खालची, मधली. सगळ्यात शेवटी नवा आकडा डोंगराकडे निघाला आणि फिरून परत आला. वरची चौकी. ओळख पटली नाही.

आई एकटीच घरी गेली, सोबत नको म्हणाली. शहाणीनं राहिलेलं काम संपवलं, वरच्या चौकीचं नाव स्वतःच्या हातानं यादीतून काढलं, आणि निघाली. जिना चढून आली, सवयीनं दार ढकललं, तर दार हललं नाही. आतून कडी होती.

तिनं कडी वाजवली.

"कोण?" आतून आईचा आवाज. रडून रडून बसलेला, पण आईचाच.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

शहाणी दाराला डोकं टेकून उभी राहिली.  मग आईनं विचारलं, "या घरात सगळ्यात मोठ्यानं कोण घोरायचं?"

तिला हसू आलं आणि त्याच दमात हुंदकाही.  आई पलीकडे थांबून होती.

"दादा," ती म्हणाली.

मग कडी निघाली.